गोंबेच्या डोंगरावरची वही

चिंपांझी आपल्या देशाच्या जंगलात आढळत नाही. आमच्या कोकणात आहेत ती माकडे आणि वानर, आणि त्यांच्याविषयी कोणी प्रेमाने बोलत नाही. नारळ म्हणू नका, केळी म्हणू नका, काही शिल्लक ठेवत नाहीत. त्यामुळे १ ऑक्टोबर २०२५ रोजी जेन गुडाल वयाच्या ९१व्या वर्षी वारल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या ओळखीतील एका बागायतदारांनी विचारले, "माकडांच्या मागे साठ वर्षे फिरून या बाईंना मिळाले तरी काय?" प्रश्न खोचक होता, पण गैर नव्हता. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान हा आमचा विषय नाही. तरी गुडालबाईंची हकीकत आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितली आहे, आणि दर वेळी मुलांनी तिच्यातून काही तरी नवीनच बाहेर काढले आहे.

जेनबाई १९३४ साली लंडनमध्ये जन्मल्या. चार-पाच वर्षांच्या असताना कोंबडी अंडे कोठून घालते हे पाहायला त्या खुराड्यात जाऊन बसल्या, आणि तासन् तास बाहेर आल्याच नाहीत. घरात शोधाशोध झाली. अंगभर पेंढा चिकटलेली मुलगी धावत परत आली, तेव्हा आई रागावली नाही. तिने मुलीला जवळ बसवले आणि अंडे कसे आले ते सगळे ऐकून घेतले. या आईचे नाव व्हॅन. ते लक्षात ठेवावे, कारण पुढची अर्धी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

घरी पैसा बेताचा. विद्यापीठात जाणे परवडणारे नव्हते, म्हणून जेनबाई टायपिंग आणि सेक्रेटरीचे काम शिकल्या. आफ्रिकेत जाऊन जनावरांमध्ये राहायचे हे लहानपणीच ठरलेले होते. बोटीच्या तिकिटासाठी त्यांनी हॉटेलात वाढपिणीचे काम केले आणि १९५७ साली केनियाला पोहोचल्या. तिथे नैरोबीच्या संग्रहालयात लुई लीकी हे नामांकित शास्त्रज्ञ होते. पुरातन माणसाची हाडे शोधणे हे त्यांचे काम. हाडांवरून शरीर कळते, पण वागणे कसे होते ते कळत नाही. माणसाशी सर्वांत जवळचे साम्य असलेले प्राणी जंगलात कसे राहतात ते कोणी नीट पाहिले तर त्या प्रश्नावर थोडा उजेड पडेल, असे त्यांना वाटे. त्यांना माणूस असा हवा होता की ज्याचे डोके आधीच्या पुस्तकांनी भरलेले नाही आणि ज्याच्यापाशी सब्र आहे. पदवी नसलेली ही मुलगी त्यांनी निवडली.

जागा होती गोंबे. टांगानिका सरोवराच्या पूर्व काठावर, किगोमा गावाच्या उत्तरेला, उभ्या डोंगरांची आणि खोल घळींची एक चिंचोळी पट्टी. आजचे तिथले राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचे आहे. त्या वेळी देशावर इंग्रजांचा अंमल होता. अधिकाऱ्यांनी सांगितले, एकटी तरुण मुलगी जंगलात राहणार असेल तर परवानगी मिळणार नाही, सोबतीला कोणी तरी पाहिजे. आणि सोबतीला गेली ती आई. १४ जुलै १९६० रोजी मायलेकी होडीतून गोंबेच्या किनाऱ्यावर उतरल्या. जुना लष्करी तंबू, एक स्वयंपाकी, थोडे सामान, आणि सहा महिने पुरेल इतका पैसा.

हा भाग सांगत असताना नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले होते, "टीचर, तिच्या अब्बांनी जाऊ कसं दिलं?" आम्ही सांगितले की आईवडील वेगळे झालेले होते, मुलगी आई आणि नानीजवळ वाढली, आणि 'जाऊ देणारी' आई स्वतःच बरोबर गेली. मुलगी काही बोलली नाही. पण तो प्रश्न तिच्या घरचा होता हे सगळ्या वर्गाला ठाऊक होते. आमच्या भागात दहावीनंतरचे कॉलेज तालुक्याला आहे आणि एस.टी. दिवसातून मोजक्या वेळा आहे. चांगल्या टक्क्यांनी पास झालेल्या मुली तिथेच थांबतात, आणि कारण विचारले तर "सोबत नाही" एवढेच उत्तर मिळते. आम्ही त्या घरांना नावे ठेवणार नाही. काळजी खरी असते. पण एक आई आम्हाला माहीत आहे, जी पहिले दोन महिने मुलीबरोबर रोज एस.टी.ने गेली आणि कॉलेज सुटेपर्यंत एका नातेवाइकाच्या घरी कपड्यांना काजे-बटणे करीत बसली. तिसऱ्या महिन्यात गावातल्या आणखी चार मुली त्याच गाडीला होत्या. मग आईची गरज राहिली नाही.

व्हॅनही काही महिनेच राहिली. मायलेकी दोघी मलेरियाने पडल्या, तंबूतल्या तंबूत तापाने फणफणत राहिल्या. बरे झाल्यावर मुलगी डोंगरावर जाई आणि आई किनाऱ्यावर छोटा दवाखाना चालवी. दवाखाना कसला, अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या, पट्ट्या, आणि चिघळलेल्या जखमा धुवायला मिठाचे पाणी. तिथले कोळी रात्री दिवे लावून 'डागा' नावाची बारीक चंदेरी मासळी पकडतात आणि दिवसा किनाऱ्यावर वाळत घालतात. आपल्याकडच्या सुकटीसारखाच तो प्रकार, आणि वासही बहुधा तसाच असणार. या लोकांच्या मनात दोन गोऱ्या बायका इथे कशाला आल्या हा संशय होता. आईच्या औषधपाण्याने तो विरला. शास्त्राच्या पुस्तकात या दवाखान्याला पान मिळत नाही. पण तो नसता तर पुढचे काम तितके निर्वेध चालले असते, असे आम्हाला वाटत नाही.

कामाची सुरुवात मात्र वाईट झाली. चिंपांझी गोऱ्या बाईला पाहताच पळत. दिवसामागून दिवस नुसत्या हलणाऱ्या फांद्या दिसत. पैसा सहा महिन्यांचा, आणि वहीत लिहायला काही नाही. तेव्हा जेनबाईंनी पाठलाग सोडला. एका उंच माथ्यावर त्या रोज एकाच जागी, एकाच रंगाच्या कपड्यांत, दुर्बीण घेऊन बसू लागल्या. जंगलाने आपल्याला पाहावे, सरावावे, मग जे दाखवायचे ते दाखवावे. शिक्षकाला यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे, पण तो विषय वेगळा.

हनुवटीवर पांढुरके केस असलेला एक नर सर्वांत आधी निर्ढावला. त्याचे नाव त्यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवले. १९६०च्या पावसाच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, याच डेव्हिडने दोन गोष्टी दाखवल्या. एकदा तो झाडावर रानडुकराच्या पिलाचे मांस खाताना दिसला. तोपर्यंत समज असा होता की चिंपांझी फळे-पाने आणि फार तर किडे खातो. दुसऱ्यांदा तो वाळवीच्या वारुळापाशी बसलेला होता. गवताची काडी तो भोकात घाली, थोडा थांबे, हलकेच बाहेर ओढी, आणि काडीला चावून लोंबकळणाऱ्या वाळव्या ओठांनी टिपून खाई. पुढे असेही दिसले की पानांची डहाळी घेऊन, पाने ओरबाडून, तिची काडी बनवली जाते. म्हणजे मिळालेली वस्तू वापरणे एवढेच नव्हे, ती कामाजोगी घडवणेही. हत्यार बनवणारा प्राणी तो माणूस, अशी व्याख्या त्या काळी शिकवत. लीकींना कळवल्यावर त्यांनी तारेने जे उत्तर दिले त्याचा आशय असा की आता हत्याराची व्याख्या बदला, माणसाची बदला, नाही तर चिंपांझीला माणसांत घ्या.

इथे वर्गात एक हात हमखास वर होतो. "म्हणजे माणूस माकडापासून झाला का?" दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आहे, आणि हा प्रश्न घरी जेवताना निघाला की वातावरण तंग होते हे आम्ही जाणून आहोत. आम्ही मुलांना दोन गोष्टी सांगतो. एक, आजच्या चिंपांझीपासून माणूस झाला असे शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. फार प्राचीन काळी दोघांचा पूर्वज एक होता असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे काय आहे हे तरी नीट समजून घ्या, मग मत बनवा. दीनची बाजू आलिमांकडून समजून घ्या, गल्लीतल्या वादातून नको. दुसरी गोष्ट, गुडालबाई हा प्रश्न सोडवायला डोंगरावर बसल्या नव्हत्या. त्या पाहत होत्या. आणि पाहायला आपल्याला मनाई कोठे आहे? सूरह गाशियामध्ये उंटाकडे पाहण्याकडे लक्ष वेधले आहे. सूरह अनआममध्ये जनावरे आणि पाखरे ही माणसांसारखीच समूह करून राहणारी असल्याचे आले आहे. मुंगी, मधमाशी, कोळी यांच्या नावाच्या सूरह आहेत. पहिला खून झाल्यावर प्रेत जमिनीत कसे पुरावे हे आदमच्या मुलाला एका कावळ्याने दाखवले, हा किस्सा आपल्या घरची लहान मुलेसुद्धा जाणतात. त्या गोष्टीत शिकवणारा कावळा आहे आणि शिकणारा माणूस. त्याने माणसाची इज्जत कमी झाली असे कोणाला वाटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. जेनबाई स्वतः श्रद्धा बाळगणाऱ्या होत्या. त्यांचे आजोबा पाद्री होते, आणि आपल्या श्रद्धेबद्दल त्यांनी १९९९ साली एक पुस्तकही लिहिले.

विद्वानांचा आक्षेप वेगळाच होता. लीकींच्या खटपटीने जेनबाईंना पदवी नसताना केंब्रिज विद्यापीठात थेट पीएच.डी.साठी घेतले गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की जनावरांना नावे द्यायची नसतात, नंबर द्यायचे असतात. स्वभाव, दुःख, आनंद असले शब्द वापरायचे नसतात. त्यांनी नावे सोडली नाहीत. हे वाचताना आम्हाला बादशहा जहांगीर आठवला. त्याच्यापाशी सारस पक्ष्यांची एक जोडी होती, तिची नावे त्याने लैला आणि मजनू ठेवली होती. त्यांनी अंडी कशी घातली, आळीपाळीने कशी उबवली, हे त्याने आपल्या रोजनिशीत बारकाईने टिपले आहे. नावे देऊनही टिपण चोख राहू शकते, हे केंब्रिजच्या पुष्कळ आधी आपल्याकडे होऊन गेले होते. आणि पदवीचे म्हणाल तर आपले सलीम अली. मुंबईच्या बोहरा घराण्यातला हा मुलगा. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. मग १९३० साली ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांसमोर शिडीवर आडोसा करून बसले. घरटे विणणारा नर असतो, मादी येऊन घरटी पारखते आणि पसंत पडले तर राहते, नर मग दुसरे घरटे विणायला घेतो, हे सगळे त्या शिडीवरून कळले. किहीम आणि गोंबे यांच्यात समुद्र आहे, पण बसण्याची रीत एकच.

गोंबेच्या चिंपांझींत फ्लो नावाची एक म्हातारी मादी होती. फाटलेले कान, फुगीर नाक, दिसायला काही बरी नाही, पण आई म्हणून नंबर एक. चिंपांझीचे पिल्लू पाचेक वर्षे आईचे दूध पिते, तिच्या पाठीवर बसून फिरते आणि रोज रात्री तिच्याच घरट्यात झोपते. फ्लो पिलांना गुदगुल्या करी, चुकले तर मारण्याऐवजी त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवी. तिची मुलगी फिफी पुढे तशीच आई झाली. धाकटा फ्लिंट मात्र लाडावलेला, आठ वर्षांचा होऊनही आईला चिकटून. १९७२ साली फ्लो ओढ्याकाठी मेली. फ्लिंटने खाणे टाकले, कोपऱ्यात बसून राहिला, आणि महिन्याच्या आत तोही गेला. आमच्या वर्गातल्या मुलग्यांना वाळवीची काडी आवडते, मुलींना फ्लोची हकीकत. फ्लिंटपाशी दोघेही गप्प होतात.

पण चिंपांझी म्हणजे गरीब गाय नव्हे. सत्तरीच्या सुरुवातीला गोंबेतला मोठा गट फुटला. काही नर-माद्या दक्षिणेकडे वेगळ्या राहू लागल्या. १९७४ ते १९७८ या चार वर्षांत उत्तरेकडच्या नरांनी टोळीने जाऊन, एकटा सापडेल तसा, दक्षिणेकडचा एकेक नर मारला. त्यांत गोलियाथ नावाचा म्हातारा होता. डेव्हिडचा दोस्त, एके काळचा सगळ्यांचा सरदार. ज्यांनी मारले त्यांच्यातल्या काहींचे केस त्याने कधी काळी तासन् तास विंचरले होते. दुसऱ्यांची पिल्ले पळवून खाणारी एक मादी आणि तिची मुलगी याच काळात निघाली. जेनबाईंना रात्री झोप लागेना. हे छापू नका, लोक म्हणतील हिंसा रक्तातच आहे, असे सांगणारेही भेटले. त्यांनी छापले.

हे जसेच्या तसे छापले म्हणून आमचा त्यांच्या बाकीच्या लिहिण्यावरचा भरवसा वाढला. चिंपांझीत माया आहे एवढेच सांगणारी व्यक्ती आपल्याला जे आवडते तेच सांगत असते. शिवाय एक बाब अशी की चिंपांझी भाऊबंदांना मारतो, पण त्याला कयामतच्या दिवशी कोणी जाब विचारणार नाही. आपल्याला विचारणार आहे. माणूस आणि जनावर यांच्यातली रेघ आम्हाला हत्यारापेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसते. अर्थात हे आमचे मत, गुडालबाईंचे नव्हे.

केळ्यांचेही सांगितले पाहिजे. चिंपांझी जवळून दिसावेत म्हणून तंबूपाशी केळी ठेवायला सुरुवात झाली. त्यांनी फायदा झाला, फोटो निघाले, फिल्म निघाली. पण केळ्यांपायी चिंपांझींची गर्दी आणि मारामाऱ्या वाढल्या, आणि पुढे ही खिरापत आवरती घ्यावी लागली. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. देवळाच्या किंवा दर्ग्याच्या वाटेवर हौसेने चणे-केळी टाकणाऱ्यांमुळे माकडे कशी बिघडतात ते आपण पाहतोच. डेव्हिडच्या बाबतीत दुसराही एक प्रसंग आहे. एकदा जेनबाईंनी जमिनीवर पडलेले पिकलेले लाल पामफळ उचलून त्याच्यापुढे धरले. त्याला ते नको होते. तरी त्याने ते घेतले, खाली टाकले, आणि त्यांचा हात हळूच आपल्या हाताने दाबून धरला. फळ नको, पण हेतू कळला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

आता ज्यांची नावे बातमीत येत नाहीत त्यांच्याविषयी. मे १९७५मध्ये सरोवरापलीकडच्या झाईरमधून आलेल्या सशस्त्र बंडखोरांनी गोंबेतून चार परदेशी विद्यार्थ्यांना पळवून नेले. ते पुढे सुटले, पण परदेशी संशोधकांना तिथे राहणे अशक्य झाले. काम बंद पडायचे. ते बंद पडले नाही, कारण टांझानियाचे स्थानिक कर्मचारी रोज डोंगर चढत राहिले. हिलाली मातामा, हामिसी म्कोनो, याहया अलमासी, एस्लोम म्पोंगो. पहिली तीन नावे वाचताना आपल्याच हजेरीपटातली वाटतात की नाही? उजीजी हे अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांचे जुने गाव तिथून जवळच आहे, आणि त्या किनाऱ्यावर इस्लाम फार पूर्वी पोहोचलेला आहे. चार वर्षांच्या लढाईतला पहिला प्राणघातक हल्ला, जानेवारी १९७४मधला, डोळ्यांनी पाहून सांगणारे हिलाली मातामाच होते. शास्त्रज्ञांना तोवर असे काही घडते हे माहीत नव्हते.

या लोकांचे काम कसे चाले? चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवे घरटे करतो. ते झाड लक्षात ठेवायचे. पहाटे तो उठायच्या आत झाडाखाली हजर व्हायचे. मग दिवसभर तो जाईल तिथे, काट्यांतून, कड्यांवरून, मागे राहायचे. काय खाल्ले, कोण भेटले, कोणी कोणाला मारले, हे वेळ घालून लिहायचे. संध्याकाळी तो पुन्हा घरटे करील तेव्हा आपण परतायचे. लिहायचे ते स्वाहिलीत. उर्दू शिकवणाऱ्याला या भाषेत घरच्यासारखे वाटते. पहाटेला ते 'अल्फाजिरी' म्हणतात, वेळेला 'वकाती', वहीला 'दफ्तारी', लेखणीला 'कलामु', बातमीला 'हबारी'. सब्रला 'सुबिरा' म्हणतात. आणि चिंपांझीला 'सोक्वे म्टू'. 'म्टू' म्हणजे माणूस. विद्वानांना हे कळायच्या आधीपासून किनाऱ्यावरचे लोक त्या प्राण्याच्या नावात माणूस धरून बोलत होते.

गोंबेतली ही नोंद १९६०पासून आजपर्यंत चालू आहे. जंगली प्राण्यांच्या एकाच समूहाची एवढी लांब हकीकत जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. फ्लोच्या नातवंडा-पतवंडांचे जन्म त्यात आहेत. बागायतदारांच्या प्रश्नाला द्यायचे झाले तर हे उत्तर आहे. पण त्यांना पटेल असे उत्तर कदाचित १९९४नंतरच्या कामात सापडेल. विमानातून पाहताना जेनबाईंना दिसले की उद्यानाच्या हद्दीबाहेर डोंगर उघडेबोडके झाले आहेत, माणसे वाढली आहेत, जमीन थकली आहे. उपाशी गावांच्या मधोमध चिंपांझी वाचवता येणार नाहीत हे त्यांना उमगले. तेव्हा त्यांच्या संस्थेने गावकऱ्यांना काय पाहिजे हे आधी विचारले. शेती, पाणी, दवाखाने, मुलींचे शिक्षण यांवर काम सुरू झाले, त्याबरोबर झाडे. व्हॅनचा अ‍ॅस्पिरिनचा डबा फिरून तिथेच आला म्हणायचा.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांना एक काम देतो. घराजवळचा एक जीव निवडा, रोज अर्धा तास पाहा, आणि जे दिसले तेवढेच लिहा, उर्दूत किंवा मराठीत. 'मांजर हा पाळीव प्राणी आहे' हे वाक्य चालणार नाही. बहुतेक वह्या तिसऱ्या दिवशी संपतात. गेल्या खेपेला एका मुलाची वही सुट्टी संपेपर्यंत चालली. त्याने मासळी बाजारातले कावळे निवडले होते. चौथ्या दिवशी त्याची अडचण सुरू झाली, कालचा कावळा आणि आजचा कावळा एकच कसा ओळखायचा? त्याने आधी एका पायाने लंगडणारा शोधला, मग पंखातले एक पीस तुटलेला. नंबर घालून पाहिले, गोंधळ झाला, मग नावे ठेवली. नावे वर्गातल्या मुलांचीच होती, त्यामुळे थोडी मारामारी झाली. लंगड्याला इतर कावळे आधी खाऊ देतात की हाकलतात, हा त्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शुक्रवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी ते कोठे जातात हेही त्याला पाहायचे आहे, आणि त्यासाठी त्याने आमच्याकडे नवी दोनशे पानी वही मागितली आहे.